दाव्याचे कागद

मृत्यूचा दावा मंजूर करायला काय काय लागतं, हे मला तोंडपाठ होतं. नोकरीचा बहुतेक काळ मी मुंबईतल्या एका विमा कार्यालयाच्या दावे विभागात काढला. मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र, रद्द केलेला चेक. मृत्यू अपघाती असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. टेबलापलीकडची माणसं रडत असत आणि मी त्यांना कोणता कागद कमी आहे ते सांगत असे. मी कठोर नव्हते. पाणी द्यायचे, झेरॉक्सचं दुकान कुठे आहे ते सांगायचे, एखाद्या आजींचा फॉर्म स्वतः भरून द्यायचे. पण कार्यालय सुटलं की फाइल कपाटात जायची आणि मी डोंबिवलीची लोकल गाठायला धावायचे.

मग माझा मुलगा गेला. वय सव्वीस. जव्हार-मोखाड्याकडे पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत तो होता. ओढ्यांची मापं घ्यायची, पावसाळा सरला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालायचे, असलं काम. जुलैतल्या एका रात्री पाड्यावरच्या घरात चटईवर झोपला होता. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठला. वाटेतल्या एका दवाखान्यात पित्तावरचं इंजेक्शन देऊन त्याला पडून राहायला सांगितलं. तासा-दोन तासांत पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. नाशिकच्या रस्त्यावर श्वास थांबला. चावल्याची खूण नंतर सापडली, कानामागे, डास चावल्याएवढी.

त्या रात्रीबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही. पुढचं समजायला एवढं पुरे.

तेराव्यानंतर घरात जी माणसं बसली होती, त्यांतल्या प्रत्येकाकडे एक योजना होती. दिरांना त्याच्या शाळेत त्याच्या नावाची शिष्यवृत्ती ठेवायची होती. मित्रांच्या मनात वाचनालय होतं. माझ्या बहिणीचं म्हणणं, पाड्यावर पाण्याची टाकी बांधावी आणि तिच्यावर संगमरवरी पाटी लावावी. सगळं मनापासूनच होतं. मलाही त्याचं नाव कुठेतरी लागायला हवं होतं. त्याच्या विम्याचे आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे माझ्या खात्यात आले होते, आणि त्यातून घरात साधी कोथिंबीर आणणंही मला जमेना. असा पैसा अंगावर आला की माणूस दानशूर होतोच. त्यात मोठेपणा फारसा नसतो.

त्या पाड्यावर जायला मला बरेच महिने लागले. गेले ती त्याची ट्रंक आणायला. घरच्या आजींनी नागलीची भाकर आणि उडदाची आमटी वाढली. मी जेवत असताना शेजारची एक पोरसवदा बाई येऊन उंबऱ्याशी बसली. कडेवर एक मूल, दुसरं पदराला. तिचा नवरा त्याच पावसाळ्यात गेला होता. लावणीचे दिवस, बांधावरच्या गवतात घोणस, पायाला दंश. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जगला होता. आजी मला हे हळू आवाजात सांगत होत्या. तिला मात्र त्यातलं काहीच सांगायचं नव्हतं. तिनं ब्लाउजमधून प्लास्टिकची पिशवी काढली. आत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि एक घडी पडून फाटत आलेला सात-बारा.

“बाई, तुमच्या पोराचं कागद कोनी केलं?”

तोवर मला भेटणारा जो तो माझं सांत्वन करत होता. मला येणारं काहीतरी विचारणारी ही पहिलीच. मी हात धुतले आणि सात-बारा उजेडाकडे धरला.

शेतकऱ्यांसाठी महाराष्ट्रात अपघाताची एक योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची. तेव्हा ती विमा कंपन्यांमार्फत चालायची. २०२३ पासून सरकार थेट सानुग्रह अनुदान देतं. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती, वय १० ते ७५. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये. अपघातांच्या यादीत वीज पडणं आहे, विंचूदंश आहे, सर्पदंशही आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. कागदावर योजना चांगली आहे, हे मी दावे विभागातली बाई म्हणून सांगते. पण तिची कलमं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यालगतचं, पोलीस ठाण्याजवळचं गाव असावं.

या बाईच्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं नव्हतं, भगताकडे नेलं होतं. पोलिसांना कुणी कळवलं नव्हतं. शवविच्छेदनाला पाड्यावर चिरफाड म्हणतात, आणि आपल्या माणसाची चिरफाड करा असं आपणहून कोण सांगेल? सात-बारावर आजेसासऱ्याचं नाव. ते वारून कितीतरी वर्षं झाली होती, पण वारसांची नोंद कुणी घातली नव्हती. घरचा दुसरा तुकडा वनहक्काचा, त्याचे कागद वेगळे. म्हणजे एक माणूस मेला होता, सगळ्या पाड्यानं त्याला मरताना पाहिलं होतं, आणि सरकारी दप्तराच्या दृष्टीनं ना तो शेतकरी होता, ना त्याला साप चावला होता.

दावा नाकारायची कारणं शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे ती कारणं कुठून बुजवता येतील हेही मला दिसत होतं. सर्पदंशात उपचाराआधीच मृत्यू आला आणि शवविच्छेदन झालं नाही, तर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर भागवायची सोय योजनेतच होती. डॉक्टर दाखला कशाच्या आधारावर देणार? पोलीस पाटलाचा जबाब, आशाताईंच्या वहीतली नोंद, आणि चक्क भगताचा जबाब. भगत आधी बिचकला. आपल्यावर काही शेकेल असं त्याला वाटत होतं. मी त्याला म्हटलं, दादा, तुम्ही काय केलंत ते मला नको. त्याला आणला तेव्हा पाय केवढा सुजला होता, लघवी कसल्या रंगाची होत होती, हिरड्यांतून रक्त येत होतं का, एवढंच सांगा. त्यानं जे सांगितलं ते ऐकून डॉक्टर म्हणाले, हे घोणशीचंच वर्णन आहे. दाखला मिळाला. वारस नोंदीचा फेरफार व्हायला त्याहून किती तरी जास्त वेळ गेला.

पैसे तिच्या खात्यावर आले तेव्हा मी डोंबिवलीत होते. तिचा फोन आला, आणि त्याच फोनवर तिनं पलीकडच्या पाड्यावरच्या दोन घरांची नावं सांगितली.

काम सुरू झालं ते असं. शिष्यवृत्ती नाही, टाकी नाही, पाटी नाही. माझा मुलगा पाण्याचं काम करत होता, तेव्हा त्याच्या आठवणीनं पाण्याचंच काम व्हावं असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. लोकांनी मात्र माझ्याकडे बघून भलतंच काम काढलं. तिकडे माझं नावही पडलं, सापवाल्या बाई. मुलाच्या नावाची संस्था निघायची राहिली आणि आईच्या नावाला साप चिकटला, यावर माझ्या बहिणीला हसावं की रडावं कळेना. स्वतंत्र न्यास नोंदवण्याचाही विचार झाला. धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, घटना, विश्वस्त, दरवर्षीचं लेखापरीक्षण. आम्ही ते टाळलं. तो ज्या संस्थेत होता तिच्याच खात्यावर पैसे ठेवले आणि हिशेब माझ्या यजमानांनी घेतला.

त्यांच्याबद्दल लिहायला हवं. ते एकदाही तिकडे आलेले नाहीत. दर महिन्याच्या पावत्या लावतात, वही जुळवतात, एखाद्या पावतीवर तारीख नसली तर मला बोलतात, आणि मोखाड्याचं नाव निघालं की उठून गॅलरीत जातात. लोक मला म्हणतात, दुःखाचं सोनं केलंत. त्यांना कुणी असं म्हणत नाही. त्यांचं दुःख होतं तसंच आहे, आणि ते माझ्याहून कमी प्रतीचं आहे असं मला एक क्षणही वाटलेलं नाही.

फाइली साठत गेल्या तशी माझी जुनी खोड जागी झाली. दाव्याची फाइल वाचताना आम्ही तारखा आणि वेळा आधी बघायचो. मी एका मोठ्या वहीत रकाने आखले: दंशाची वेळ, कुठे झोपला किंवा उभा होता, आधी कुणाकडे नेलं, दवाखान्यात किती वाजता पोचला, काय दिलं, पुढे कुठे पाठवलं. भरत गेले तसा एकच रकाना जड व्हायला लागला. दंश आणि औषध यांच्यामधला वेळ. गावाहून रस्ता, रस्त्याहून पहिला दवाखाना, तिथून ‘पुढे न्या’, पुढून ‘आणखी पुढे न्या’. माझ्या मुलाची ओळ मी त्या वहीत घातली. तीही त्याच रकान्यात बसली.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांत, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या कारणानं, एवढ्या ठरल्या महिन्यांत मेली असती, तर मे महिन्यात आपल्याकडे युद्धाची तयारी झाली असती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२४ मध्ये आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. उशीर झाला म्हणून कुरकुर करायची तर करता येईल. मी तो आराखडा छापून घेतला आणि जिथे जाईन तिथे टेबलावर ठेवायला लागले. सरकारी कागदापुढे सरकारी कागदच चालतो.

औषध एकच आहे, प्रतिसर्पविष. तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेचे लोक साप धरून त्यांचं विष काढतात, ते घोड्यांना थोडं थोडं टोचतात आणि घोड्याच्या रक्तातून औषध तयार होतं. एका डोंगरातल्या गरिबाला वाचवणारी गोष्ट दुसऱ्या मुलखातल्या गरिबाच्या हातच्या कसबातून येते, याचं मला अजून नवल वाटतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच कुपी चालते, म्हणजे साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नसते. भुकटीच्या रूपात असलं तर त्याला फ्रिजही लागत नाही. सुरुवातच ८-१० कुप्यांनी करावी लागते, आणि लहान मुलाला मोठ्या माणसाएवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. हे ऐकल्यावर पाड्यावरच्या बायकांनी माना डोलावल्या. दवाखान्यात मात्र पोराला दोन कुप्या देऊन पुढे पाठवल्याच्या नोंदी माझ्या वहीत आहेत.

तरुण डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. मला सुरुवातीला तेच करावंसं वाटे. पण एमबीबीएस होऊन सहा महिने झालेला मुलगा रात्री एकटा ड्यूटीवर असतो. घोड्याच्या रक्तातलं औषध, ते दिल्यावर रुग्णाला जोराची प्रतिक्रिया येऊ शकते, श्वास अडकू शकतो. तेव्हा काय करायचं हे त्यानं पुस्तकात वाचलेलं असतं, हातानं केलेलं नसतं. बाहेर पन्नास माणसं उभी. अशा वेळी ‘पुढे न्या’ म्हणणं त्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं ठरतं. त्याला धीर यायला अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवायची सवय लागते, आणि ज्यानं असे शंभर रुग्ण पाहिलेत असा कुणीतरी फोनवर लागतो. महाराष्ट्रात अशी माणसं आहेत. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं साधं औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू कसे खाली आणले, ते जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत कित्येक वर्षं सर्पदंशाचे रुग्ण बघत आलेत. आणि आमच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, आरोग्य संशोधन परिषदेच्या लोकांनी सरकारी डॉक्टरांचं प्रशिक्षण आणि गावकऱ्यांशी बोलणं या दोनच गोष्टी नेटानं करून मृत्यूंचं प्रमाण चांगलंच खाली आणलं होतं. डहाणूत होतं ते शेजारच्या डोंगरात का नाही? या एका प्रश्नावर आम्ही शिबिरं मागितली. पैसे आमचे, डॉक्टर बाहेरचे, सभागृह सरकारी.

या शिबिरांत मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे काचेची परीक्षानळी. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता उभं ठेवायचं, मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय, औषध सुरू करा. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही चालत नाही. निकाल खोटा येतो. एका देणगीदारांना व्हेंटिलेटर द्यायचा होता. मी त्यांना म्हटलं, नळ्या द्या, भिंतीवरचं घड्याळ द्या आणि प्रत्येक आरोग्य केंद्राला दोन अंबू बॅग द्या. फोटोत नळी दिसत नाही, ही त्यांची अडचण मला समजली. त्यांनी घड्याळं दिली, त्यांच्या कंपनीचं नाव छापलेली. चालतात.

अंबू बॅगचं महत्त्व मण्यारीमुळे. मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही. सकाळी पोटदुखी, घशात काहीतरी अडकल्यासारखं, मग डोळ्यांवर झापड. माणूस दारू प्यायलाय असंही वाटतं. विष नसांवर काम करतं आणि श्वासाचे स्नायू थांबतात. पण हृदय चालू असतं. कुणीतरी ती पिशवी दाबत राहिलं, मोठ्या रुग्णालयातल्या यंत्रावर नेईपर्यंत दाबत राहिलं, तर माणूस काही दिवसांनी उठून चालत घरी जातो. पूर्ण बरा. हे पहिल्या शिबिरात ऐकलं तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते. पुढे डॉक्टर म्हणाले की मण्यारीचा रुग्ण निपचित पडलेला दिसतो, बाहुल्याही हलत नाहीत, मेंदू गेला असं चांगल्या डॉक्टरांनाही वाटतं. पण त्याला सगळं ऐकू येत असू शकतं, तेव्हा त्याच्याशी बोलत राहा. त्यावर मला एक प्रश्न विचारायचा होता. मी तो विचारला नाही, आणि नंतरही कुणाला विचारलेला नाही. चहाच्या वेळी मी नर्सताईंबरोबर बॅग दाबायचा सराव केला. पाच-सहा सेकंदांना एकदा. दहा मिनिटांत हात भरून येतात.

खाटांची गोष्ट वेगळी. जमिनीवर झोपल्यामुळे मण्यार चावते, तर खाटा द्या, हे कुणालाही सुचेल. एका उद्योगसमूहाच्या कर्मचाऱ्यांना ते सुचलं आणि त्यांनी एका पाड्याला घरटी एक लोखंडी खाट दिली. घरात माणसं सात, खाट एक. तिच्यावर तांदळाच्या गोण्या आल्या, कारण ओल लागत नाही. काही घरी पाहुणे, काही घरी म्हातारा. एका घरी ती खाट लेकीच्या लग्नात गेली. पोरं होती तिथेच, खाटेखाली, उलट तिथे अंधार जास्त. त्या मंडळींना वाईट वाटलं. मला मुळीच वाटलं नाही. घरात एकच उंच, कोरडी जागा मिळाली तर मीही आधी धान्यच ठेवीन. मच्छरदाणी मात्र चालली. नेपाळच्या तराईत झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश फार कमी होतो असं दिसलं होतं. मोठी, चौघे-पाच जण मावतील अशी, आणि कडा चटईखाली खोचायच्या. कारवीच्या कुडाला चार खुंट्या ठोकल्या की झालं. डासांसाठी म्हणून दिली असती तर कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली असती, काही गेल्याच. सापासाठी म्हटल्यावर राहिल्या.

नेपाळहून आणखी एक गोष्ट उचलली. तिकडे दमकच्या आसपास स्वयंसेवकांनी मोटरसायकली ठेवल्या होत्या. चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये, त्याला धरून बसणारा मागे. मृत्यू झपाट्यानं कमी झाले. आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि ती खरोखर येते. पण ती रस्त्यापर्यंत येते. पाडा आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा असतो, चिखल असतो आणि फोनला रेंज नसते. झोळी करून चार जणांनी उचलून आणायचं म्हणजे दीड-दोन तास गेले. मोटरसायकली नव्यानं घ्याव्या लागल्याच नाहीत, पोरांकडे होत्याच. पेट्रोलचे पैसे कोण देणार एवढाच प्रश्न होता आणि आमचं खातं त्यासाठी होतं. पोरांनी एक अट घातली: मेला तर आमच्यावर केस नको. पोलीस पाटलासमोर तसं बोलणं झालं.

आणि भगत. तो जबाब देणारा भगत पुढे आमच्या कामात सामील झाला म्हणाल तर झाला, नाही म्हणाल तर नाही. त्यानं मंत्र सोडला नाही. मी सोड म्हटलंही नाही. मी त्याला एवढंच सांगितलं, मंत्र गाडीवर बसून म्हणा. तो हसला, पण दोनदा तो खरंच मागे बसून गेला, रुग्णाला धरून. लोकांना दवाखान्यात जा म्हणताना मी एक वाक्य वापरते, जे ऐकून शहरातल्या मैत्रिणी दचकतात. मी म्हणते, दवाखान्यात नेलंत तर जीव वाचेल. नाही वाचला तर निदान कागद राहील. पाड्यावर कुणी दचकत नाही.

कागद राहणं किती महत्त्वाचं, ते कातकऱ्यांच्या वस्तीवर कळतं. शेतकरी अपघात योजना खातेदाराची. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचा माणूस त्याच बांधावर, त्याच सापानं गेला तरी त्याला त्यातून काही नाही. मेलेला दुसऱ्याच्या शेतात मजुरी करत होता, एवढाच फरक. या ठिकाणी माझी सगळी दावेगिरी संपते. बुजवायला फटच नाही. मग आम्ही पंतप्रधान सुरक्षा विमा धरला. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, सर्पदंश चालतो, मात्र दवाखान्यातली नोंद पाहिजे. हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जातो, जूनच्या तोंडावर. त्या दिवशी खात्यात २० रुपये नसले तर विमा बंद, आणि साप निघतात जूनपासून. ही माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पावसाआधी परततात. उचल फिटून हातात काय राहील याचा नेम नसतो. वीस रुपयांसाठी बँकेपर्यंत यायला साठ रुपये वडापला लागतात. त्यामुळे मे महिना आमचा फार धावपळीचा. आरोग्य केंद्रांत कुप्या किती, त्यांची मुदत कधी संपते ते बघायचं, आणि कातकरवाडीतली पासबुकं गोळा करून बँकेत रांग लावायची.

गरिबाला दुःख करायची सवडही नसते, मग त्याचं काम कुठून करणार, असं मी पूर्वी भाषणात म्हणत असे. आता म्हणत नाही. बिहारमधल्या गेहलौरचे दशरथ मांझी मजूर होते. बायको डोंगरात पडून गेली, म्हणून बावीस वर्षं छिन्नी-हातोड्यानं डोंगर फोडून रस्ता केला. बंगालच्या सुभासिनी मिस्त्री यांचा नवरा औषधावाचून मेला. त्यांनी घरकाम केलं, भाजी विकली, पै पै साठवून रुग्णालय उभं केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांकडेही ना सवड होती ना पेन्शन. तरी या दोघांची नावं घेऊन ‘बघा, इच्छा असली की होतं’ असं कुणी म्हटलं की माझा संताप होतो. बायकोला दवाखान्यात न्यायला माणसाला डोंगर फोडावा लागू नये. आणि पाड्यावरच्या ज्या बाईनं नवरा गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात उरलेली लावणी पुरी केली, तिनं काहीच उभारलं नाही, असं तरी कसं म्हणायचं.

पहिली पिशवी घेऊन आलेली ती पोरसवदा बाई आता दाव्यांचं काम बघते. सातवी शिकलेली आहे. सानुग्रह अनुदान झाल्यापासून अर्ज तालुक्यातच निकाली निघतो, त्यामुळे विमा कंपनीची भाषा कळणाऱ्या माझ्यासारखीची गरज तशीही कमी झाली आहे. कुठला कागद आधी काढायचा, तलाठ्याकडे कोणत्या वारी जायचं, मेलेल्याच्या घरी किती दिवसांनी विषय काढायचा, हे तिला माझ्याहून चांगलं कळतं. शेवटची गोष्ट मी तिच्याकडूनच शिकले. ती पहिल्याच दिवशी जाते. घरात बायका रडत असतात, ती त्यांच्यात बसून रडते, आणि रडता रडता विचारते, पोलीस पाटलाला सांगितलं का, दवाखान्याची चिठ्ठी कुणाकडे आहे, ती जाळू नका, भिजवू नका.

गेल्या खेपेला तहसीलमध्ये एका फाइलवर सुनावणी होती. मी नेहमीसारखी साडी बदलून निघाले, तर तिनं मला अडवलं.

“बाई, तुमी नका येऊ. तुमी आल्या की साहेब खुर्ची देतो, चहा सांगतो, तुमच्या पोराचं विचारतो, आन काम उद्यावर जातं. मी एकली गेली की हाकलायच्या घाईत सही करतो. तुमी बँकेत जा. वीस पासबुकं पडलीत, त्येंच्या एन्ट्र्या मारून आना.”